वहीतली देवळं

अहो,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. सकाळी सायकलवरून जायचात आणि दिवेलागणीच्या आत घरात असायचात. तुम्ही गेल्यालाही वर्ष झालं, तरी लिहायचं मनात नव्हतं. पण परवा मी बेळगुंदीच्या वाटेवर जाऊन आले आणि तुम्हाला काही विचारायचं निघालं. उत्तर येणार नाही हे धरूनच विचारते.

तुमच्या जागी देवीची लस टोचायला आता शिवाप्पा आहे. काटक माणूस, गेल्या वैशाखात लग्न झालेला. सरकारी सायकल त्याच्याकडे गेली. वाटांची वही त्यानं मागितली, मी दिली. महिन्याभरानं तो ती परत घेऊन आला आणि पायरीवर बसला.

“आक्का, ह्या वहीनं मला लई फिरवलं. लिवलंय, आंब्याखालच्या म्हसोबापाशी डावीकडं वळा. आंबे हाईत धा. म्हसोबा एकाखालीबी न्हाय. दोन तास हुडकलो. तवर वाडीतल्या बाया पोरांस्नी घिऊन शेताला गेल्या.”

“लहान देव असेल. नीट बघितलं नसशील.”

“देव कितीबी ल्हान असला तरी त्याला शेंदूर असतोय की.” त्यानं वही माझ्यापुढं ठेवली. “एक तर ही खरी करून द्या. न्हायतर मी आपला कॅम्पातल्या मोठ्या रस्त्यानं जातो. लॉऱ्या तर लॉऱ्या.”

मोठा रस्ता म्हटल्यावर मला तुमचं कोपर आठवलं.

लढाईचे दिवस होते. लष्कराच्या लॉऱ्यांची रांग निघाली की त्या रस्त्यावर सायकलला जागा उरत नसे. एका दुपारी तुम्ही सायकल ढकलत घरी आलात, धोतर फाटलेलं, कोपर सोललेलं. एका लॉरीनं तुम्हाला चरात घातलं होतं. तुम्हाला दुःख कशाचं? लसीच्या नळ्या फुटल्याचं. “मोटारवाल्याला खाली बघायची सवय नसते,” एवढंच बोललात आणि चहा मागितलात.

त्याच दिवशी देवापुढं बसून मी तुमच्याकडून शब्द घेतला. मोठा रस्ता सोडायचा. ज्या वाटेवर देव आहे तिथूनच जायचं. देऊळ आलं की सायकलवरून उतरायचं, हात जोडायचे, पाच मिनिटं बसायचं. माझा हिशेब सरळ होता. जिथं देवाला वाटेत बसायला फुरसत आहे तिथं मोटार कशाला येईल?

तुम्ही म्हणालात, “देव माझ्या खात्यात येत नाही. माझ्याकडं फक्त लस.” पण मग “बरं” म्हणालात. तुमच्या ‘बरं’वर मी आयुष्यभर विसंबले.

वही सुरू झाली ती तेव्हापासून. तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नसे. “तू मॅट्रिक झालीस ती काय दळणाच्या चिठ्ठ्या लिहायला?” असं म्हणून तुम्ही सांगायला बसलात, आणि मी घरखर्चाच्या वहीची मागची कोरी पानं काढली. प्रत्येक वाटेची सुरुवात तुम्ही एकाच वाक्यानं करायचात. लिही, मोटार एकही नाही.

मग पुढचं. चिंचेपासून उतार, ब्रेक धरून ठेवावा. ओढ्याला पाणी घोट्याइतकं, सायकल खांद्यावर घ्यावी. भाताच्या खाचरांमधून गाडीवाट, उजव्या चाकोरीनं चालवावी, डावीकडं दगड. चढ लांब, उतरून चालावं. मी एकही वाट बघितली नव्हती, पण मला सगळ्या पाठ होत्या. तांदूळ निवडताना मी मनातल्या मनात तुमच्याबरोबर चढ चढत असे.

आणि प्रत्येक वाटेवर देवळं. बेळगुंदीच्या वाटेवर सात. “हात जोडलेत ना?” मी रोज विचारायची. “जोडले,” तुम्ही रोज म्हणायचात.

शिवाप्पा गेल्यावर मी ती सात नावं पुन्हा वाचली. मग ठरवलं, आपणच बघून यायचं. बेळगुंदीचे आप्पा बैलगाडीतून भाजी घेऊन शहापूरच्या बाजाराला येतात, तुमच्या ओळखीचे. परतताना गाडी रिकामीच जाते. मी रिकाम्या पोत्यांवर बसले, मांडीवर वही.

पहिला मारुती गावाबाहेरच भेटला, खरा, शेंदूर लावलेला. मला बरं वाटलं. शिवाप्पाच वेंधळा, असं मनात म्हटलंसुद्धा.

मग आंबे आले. एका आंब्याखाली बसण्याजोगा चपटा दगड होता. तिथून एक वाट डावीकडं जात होती. म्हसोबा नव्हता. मी गाडी थांबवायला सांगितली.

“हितं काय देव होता काय, आप्पा? कधी तरी?”

“देव? न्हाय बा. हितं डॉक्टर बसायचे. तुमचे.” आप्पांनी कासरा ओढून धरला. “सायकल आंब्याला टेकवून. मी एकदा म्हटलो, काय डॉक्टर, दमलासा? तर म्हटले, न्हाय आप्पा, घरची आज्ञा हाय. पाच मिंटं बसायचं.”

“हात जोडायचे का?”

आप्पा बैलांकडं बघून म्हणाले, “हातात बिडी असायची, वैनी.”

अहो, बिडी?

इतक्या वर्षांत मला वास आला नाही. की आला आणि मी तो धुळीचा समजले? आल्याबरोबर चूळ भरायचात, ती धुळीसाठी, असं तुम्ही सांगितलं होतं.

ओढ्याकाठच्या लक्ष्मीपाशी एक म्हातारी कपडे आपटत होती. लक्ष्मी नव्हती. मी कोण हे आप्पांकडून कळल्यावर म्हातारीनं न विचारता सांगितलं, “देवीडॉक्टर त्या खडकावर बसायचा. घड्याळ काढून बघत. मी म्हनायची, कुनाची वाट बघतोस रं? गाडी चुकली काय तुझी?” ती हसली आणि पुन्हा कपडे आपटायला लागली.

सातांतली दोन देवळं खरी निघाली. पाच तुम्ही मला बांधून दिलीत.

मला राग आला. अजून पुरता गेलेला नाही. देऊळ नाही म्हणून सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मी भांडले असते, हे खरं. दुसरी वाट शोधा म्हटलं असतं, आणि दुसऱ्या वाटेवर कदाचित मोटारी असत्या. पण म्हणून देवाच्या नावानं खोटं? तेही माझ्या हातानं लिहवून? त्यापायी एका वाडीतली पोरं त्या दिवशी टोचायची राहिली. हे तुम्हाला आवडलं नसतं.

शेवटचा टेकडीवरचा महादेव. चढ तुम्ही सांगितलात तसाच लांब. आप्पा बैलांना पाणी पाजायला खालीच थांबले, मी चालत वर गेले. वर काही नव्हतं. जमीन उतरत होती, चढत होती, पुन्हा उतरत होती, भाताची पिवळी आणि त्यापुढं नाचणीची काळपट, आणि मधून ती वाट. एक गाडी लांबवर चालली होती. मोटार एकही नाही. हे वाक्य तुम्ही खरं सांगत होतात.

तिथल्या एका दगडाच्या फटीत बिडीची थोटकं होती, पावसानं भिजून वाळलेली. तुमचीच कशावरून? गुराख्यांचीही असतील. मी तिथं बसले. तुमचं घड्याळ कमरेला होतं, ते काढून समोर ठेवलं. पाच मिनिटं पुष्कळ वेळ असतो. शब्द दिला म्हणून नुसतं बसायचं, समोर देव नाही, कोणी बघायला नाही, असे तुम्ही किती वेळा बसलात? ते मी मोजलं नाही.

उठताना हात जोडले. समोर काही नव्हतं. सवय.

घरी येऊन वही दुरुस्त केली. पाच देवळं खोडली. चपटा दगड असलेला आंबा, ओढ्यातला काळा खडक, जे आहे ते लिहिलं. शिवाप्पा ती वाट एकदा जाऊन आला आणि म्हणाला, “आता झकास हाय. पर आक्का, पाच ठिकाणी ‘इथे उतरून पाच मिनिटे बसावे’ असं कशाला लिवलासा? तिथं काय हाय?”

“काही नाही,” मी म्हटलं. “बसत जा.”

“बरं,” तो म्हणाला. मोठ्या रस्त्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

काकतीची वाट राहिली आहे. तिच्यावर तुम्ही मला नऊ देवळं सांगितलीत. पुढच्या आठवड्यात जाणार आहे. खरी किती, ते आधी कोणाला विचारणार नाही. आणि सगळ्या नऊ ठिकाणी बसेन, देव असो नसो, पुरती पाच पाच मिनिटं. घड्याळाला रोज किल्ली देते.

तुमची,
यमुना