आमच्या खणाचं कार्ड

प्रिय विसराळू पोरी,

तुझी बदामांची पुडी पोचली. खारे, भाजलेले, खडखडीत. आजीच्या तोंडात दात किती उरलेत याचा तुला साफ विसर पडलेला दिसतो. शेवटचा होता तोही मागच्या थंडीत डॉक्टरने उपटला. फोनवर सांगितलं होतं तुला. तू हो हो म्हणालीस, म्हणजे ऐकत नव्हतीसच. फोनवर तुझ्यामागे सदा कुणीतरी तुला हाका मारत असतं, म्हणून हे पत्र. लिहितोय तो उंट. तुझ्या बापाच्या शेजारी उभा राहून आयुष्यभर टपाल लावणारा, लांब मानेचा, तोच. अक्षर त्याचं, बोलणं माझं. मध्येच कुठे गोड लागलं तर ते त्याने पदरचं घातलंय असं समज. बघ, हेही मुकाट्याने लिहितोय.

आता बातमी. तुझा बाप, माझा लेक, जिथे काम करायचा ती टपालाची खोली तू आता ओळखणार नाहीस. भिंतभर लाकडी खण होते, आठवतं? एकेका घराला एकेक खण, खणाखाली पत्त्याचं कार्ड अडकवलेलं. पोस्टमन ज्या वाटेने फिरणार, त्याच वाटेने खणांची रांग. मी डबा द्यायला जायची ती दारातच थांबायची. अंगठ्याला रबरी टोपी घालून तुझा बाप पाकिटं अशी टाकायचा की हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे. माझ्याकडे न बघताच विचारायचा, भाजी कसली? मी सांगेपर्यंत अर्धी गल्ली भरलेली असायची.

ते खण काढले. तिथे मशीन आलंय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पत्ते तेच वाचतं आणि सगळं टपाल पोस्टमनच्या वाटेप्रमाणे, घरामागून घर लावून ट्रेमध्ये ठेवतं. पोस्टमन येतात, ट्रे उचलतात, निघतात. पूर्वी उभं राहून पोटऱ्या भरून यायच्या, आता येत नाहीत. चुकतही नाही म्हणे. मी उंटाला विचारलं, मग तू रे काय करतोस? म्हणाला, पाकिटं सरळ करून त्याला भरवतो. म्हटलं, बरं झालं, उतारवयात मांडीवर बाळ आलं. तेव्हा हसला, आता हे लिहिताना मात्र दोनदा विचारून घेतलं, घालायचंच का म्हणून. घालायचंच.

खण भंगारात गेले तेव्हा आमच्या घराचं कार्ड त्याने खिशातून आणून मला दिलं. पिवळं पडलेलं, कडेला चहाचा डाग. अक्षर तुझ्या बापाचं, म्हणाला. मला ते अक्षर काय नि भिंतीवरची चीर काय, सारखीच. फळीवर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं, डाग खाली. बरेच महिने तसंच होतं. परवा उंट आला, चहा पिऊन गेला, आणि बघते तर डाग वर! पुन्हा आला तेव्हा धरलाच त्याला. माझ्या घरातल्या वस्तू का हलवतोस, म्हटलं. चपला पायात सरकवायला लागला. मग म्हणाला, मावशी, तुम्ही ते उलटं ठेवलं होतं. म्हटलं, मग बिघडलं काय, मला दोन्हीकडून तेवढंच दिसतं.

तेव्हा कुठे सांगितलं त्याने. घरातलं माणूस गेलं की त्या घराचं कार्ड खोलीत उलटं करायचे. म्हणजे काही दिवस तिथलं टपाल दारावरच्या पेटीत टाकायचं नाही, दार वाजवून हातात द्यायचं. गेलेल्याच्या नावाचं असलं तर आधी सांगून द्यायचं. साहेबांचा हुकूम नव्हता तो, यांचंच आपलं ठरलेलं. तुझ्या बापाने अशी कितीतरी कार्डं फिरवली असतील. आमचं उंटाने फिरवलं आणि ते पुन्हा सरळ करायला त्याचा हात धजला नाही. म्हणून तुझा बाप गेल्यापासून पोस्टमन दर वेळी दार वाजवायचा. मी समजत होते, माझ्या हातचा चहा आवडतो मेल्याला.

मशीन चालू व्हायच्या आधी त्याला घरोघरची नावं द्यायची होती. उंट दारात येऊन विचारू लागला, मावशी, या पत्त्यावर कोण कोण राहतं? मी दोन नावं सांगितली. माझं, आणि तुझ्या बापाचं. उंटाने मान वर केली नाही. दोन्ही घेतली.

त्यामुळे या खेपेची तुझी पुडी थेट पेटीत पडली. दार वाजलं नाही. मशीनच्या लेखी तो इथेच राहतोय, ठणठणीत आहे, मग दार कशाला वाजवायचं? मी पेटी कधी उघडत नाही, माझं काय येणार. पाली झाल्या म्हणून झाडायला उघडली तर आत पुडी. मांडीवर घेऊन बसले. शेजारीण विचारते, रडलात का हो? नाही बाई. पाय मुडपून बसल्यावर बधिर होतो ना, तसं झालंय सगळं. चिमटा काढला तर पाय आहे, पण दुसऱ्या कुणाचा. अजून मुंग्याही येत नाहीत. उठले, भांडी घासली.

पोरी, बदाम त्याला आवडायचे. तो गेला तेव्हा तू आलीस, दिवसभर आधीच पुसलेल्या फरशा पुसत राहिलीस, परत गेलीस, आणि लगेच त्याच्या नावाने पुडी पाठवलीस. मग पाठवतच राहिलीस. पोस्टमन हातात देताना ते नाव हळूच वाचायचा, मी हं म्हणायची. तू बोलली नाहीस, मीही नाही. तू काही विसरलेली नाहीस, ठाऊक आहे मला. सगळे बदाम ठेवलेत, आता दुसरा डबा लागला. काल उंटाला म्हटलं, तुझ्या त्या बाळाला सांग, या घरात एकच बाई राहते. नक्की ना मावशी, म्हणाला. म्हटलं, नक्की-बिक्की काही नाही, सांगून टाक. आता त्याच्या नावाचं काही आलं तर मशीन तिथूनच माघारी पाठवणार. परत आलेली पुडी तिकडे तू एकटीने दारात उघडावीस, हे मला नको होतं. म्हणून हे पत्र. इथून पुढे माझं नाव घाल. ते तुला कुठलं ठाऊक असायला, मी आपली सगळ्यांची आजी. पाकिटाच्या मागे उंटाने लिहिलंय, नीट बघून उतरव. माझ्या नावाने आजवर काही आलेलं नाही, बघू मशीनला मी सापडते का. कार्ड मी परत उलटं ठेवलंय, डाग खाली, आणि उंटाला हात लावायची बंदी आहे. बदाम आता नकोत. खजूर पाठव, मऊ, बिया काढलेला.

तुझीच,
बोळक्या तोंडाची आजी