देवळीच्या घरातले प्रवाळ

देवळी,
मे महिन्याची अखेर

प्रिय जागृती,

जय भीम. रोज फोनवर बोलतो आपण, मग हे पत्र काऊन, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी भलतंच बोलून जाते. म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच, मगच फोन कर.

आधी वाईट बातमी. काचेच्या टाकीतला फांद्यांचा प्रवाळ गेला. माझ्या नागसेनने सगळ्यात पहिल्यांदा आणला होता, तो. तू गिरडला माहेरी गेलीस त्याच आठवड्यात आपल्या गल्लीचं ट्रान्सफॉर्मर जळलं. ऊन असं की अंगणातल्या नळाला हात लावता येत नव्हता. इन्व्हर्टरवर पंप थोडा वेळ चालला, पण पाणी थंड ठेवणारं मशीन त्याच्यावर चालत नाही, हे तुला माहीतच आहे. मी बसस्टँडजवळच्या रसवंतीतून बर्फ आणला, बाटल्यांत भरला, झाकणं घट्ट लावून त्या टाकीत सोडत राहिले. पाणी एकदम गार झालं तरी हे जीव मरतात, असं नागसेन म्हणायचा, म्हणून एक बाटली काढायची, थांबायचं, मग दुसरी सोडायची. काचेला ओली चादर गुंडाळली. तरी दुसऱ्या दिवशी फांद्यांच्या बुडापासून कातडी सुटायला लागली, भिजवलेल्या शेंगदाण्याचं साल सुटतं तशी. खाली नुसतं पांढरं हाड. संध्याकाळपर्यंत सगळं झुडूप पांढरं झालं. पाण्याला वास सुटायच्या आत मीच ते झुडूप उपटून काढलं, नाही तर बाकीचे दोन प्रवाळही हातचे गेले असते.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला होता. "आई, टाकी बरी हाय न? नाई तं मी उद्याच येतो," असं तू म्हणालीस. मी म्हटलं, "सगळं मस्त हाय, तू तिथंच राह्य." पांढरा सांगाडा तेव्हा माझ्या पुढ्यात परातीत होता. खरं सांगितलं असतं तर सकाळची पहिली बस धरून तू आली असतीस, आणि सकाळीच तर प्रफुल आणि त्याच्या घरचे तुला पाहायला येणार होते.

नागसेन लहान असताना आम्ही सहा डिसेंबरला दादरला गेलो होतो. दर्शन घेऊन माणसांच्या गर्दीतून कसेबसे पाण्यापर्यंत पोचलो, तर या पोराने ओंजळ भरून थेट तोंडात घातली. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा ओंजळ भरली. पुढे कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागला आणि पहिल्या पगारातून टाकी घेतली. मासे पाळ म्हटलं तर म्हणे, नाही, प्रवाळ. मी हसले, दगड काय पाळतोस म्हटलं. तेव्हा त्याने माझ्या हातात भिंग दिलं आणि एकेका छिद्रातून बाहेर आलेली बारीक बारीक तोंडं दाखवली. त्या दिवसापासून मी त्यांना दगड म्हटलं नाही.

तू लग्न होऊन आलीस आणि तीन माणसांचं घर झालं. मग ती कावीळ. नागसेन गेल्यावर पाहुणे पांगले, त्याच संध्याकाळी तू उठून टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजलास. मला तेव्हा तुझा राग आला होता. नंतर कळलं, तुला हात गुंतवायला काही तरी हवं होतं. पुढे तू शाळेत शिकवून आलीस की आधी टाकीपाशी जायचीस, मी चहा घेऊन यायची, आणि आपण दोघी आत पाहत बसायचो. माझे ते दिवस त्यानेच निघाले.

परवा तुझ्या आईचा, अन्नपूर्णाबाईंचा फोन आला. प्रफुल मनाचा चांगला आहे म्हणाल्या. तुम्ही दोघं टेकडीच्या पायथ्याशी झाडाखाली बराच वेळ बोलत होता, आणि तू हसलीससुद्धा. पण घरी आल्यावर होकार विचारला तर तू एवढंच म्हणालीस, "टाकीचं कोण पाहील?" अन्नपूर्णाबाई सांगताना हसत होत्या. मला हसू आलं नाही. टाकीचं मी पाहू शकते, हे तुला ठाऊक आहे. मीठ मोजता येतं मला, औषधाचे थेंब टाकता येतात. मग तू कोणाबद्दल विचारत होतीस, ते मला समजलं.

म्हणून नागसेनचा नागपूरचा मित्र भूपेंद्र, ज्याने त्याला प्रवाळाचा पहिला तुकडा दिला होता, त्याला मी बोलावून घेतलं. उरलेले दोन्ही प्रवाळ तो थर्माकोलच्या डब्यात घालून घेऊन गेला. पोचल्यावर फोन केला, संध्याकाळी त्याच्या टाकीत जांभळा प्रवाळ उघडला म्हणाला. खारं पाणी झाडांना चालत नाही, म्हणून बादलीबादलीने नालीत ओतलं. काच धुऊन ओसरीत उभी केली आहे. पंपाची खळखळ बंद झाली तेव्हा घरातल्या फ्रीजचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. तो पांढरा सांगाडा मात्र मी ठेवून घेतला आहे. तो मागू नकोस. तो माझा.

आता इथे तू सांभाळावं असं काही राहिलं नाही, हे सांगायला पत्र लिहिलं. प्रफुलला होकार दे. मला करमणार नाही, हे खरं आहे. रडेनही. पण तू माझ्यासाठी इथे बसून राहिलीस, तर रोज तुझ्याकडे पाहून मला जे होईल, ते याहून जड आहे. मंगल परिणयाला मी येईन, पांढरं पातळ नेसून, पुढच्या रांगेत बसेन. त्यांच्याकडच्या कुणी विचारलं, या बाई तुमच्या कोण, तर काय सांगायचं ते तू ठरव.

तुझीच,
सुलोचना