कुना म्हणजे पाळणा

वसमत

प्रिय प्रतिक्षा,

तीन वर्षांनी लिहितोय. पत्ता तुझ्या आत्याच्या पुजानं दिला, तिला रागावू नकोस. तिनंच परवा तुझ्या माद्रिदच्या घरातला फोटो मोबाइलवर दाखवला. लाकडी गजांचं काहीतरी, खाली एकच शब्द: कुना. मला ते कोंबड्यांचं खुराडं वाटलं. तुझ्या मायनं मात्र पाहताक्षणी डोळ्याला पदर लावला. मी शहाणा, मी मोबाइलला अर्थ विचारला. स्पॅनिशमध्ये कुना म्हणजे पाळणा. "पहिला पाळणा मायच्या घरून जातो," ती म्हणाली, "हे लोक इकत काहून आणून राहिले?" उत्तर तिच्यासमोरच बसलं होतं.

तू प्रज्ञेशशी लग्न केलंस, त्या दिवशी मी कायदा केला: या घरात तुझं नाव निघणार नाही. वीस वर्षं साप्ताहिकात लोकांच्या जातीच्या अहंकाराची टिंगल करून मी टाळ्या घेतल्या. माझ्या घरी बौद्ध जावई यायची वेळ आली, तेव्हा माझा विनोद संपला.

मायनं तो कायदा कधी मोडला नाही. आता तिला पळवाट सापडली आहे. सकाळी म्हणते, "कुनाकडं लई थंडी असंल." जेवताना म्हणते, "कुनाला वांग्याचं भरीत लई आवडायचं." शेजारच्या नीलाबाईनं विचारलं, ही कुना कोण गं बाई? "हाय एक पाहुण्यातली," असं म्हणून माय कुंची शिवत राहिली. मी समोर पेपर वाचत होतो. अर्धा तास एकच पान.

तिसरी कुंची झाली आहे. मला न सांगता तिनं पासपोर्टही काढलाय. पण व्हिसाचा एजंट म्हणतो, तेवढ्यानं भागत नाही, तिथल्या लेकीनं बोलावल्याचं पत्र लागतं. ते ती तुला मागणार नाही, माझ्या कायद्यात बसत नाही ना. म्हणून मी मागतोय. बाळ यायच्या आत पाठव, आणि तिच्या एकटीच्याच नावानं पाठव. माझं नाव घातलंस तर ती मला ओढून आणेल, आणि मी दारात दिसलो तर प्रज्ञेश मला आत घेईल. तो तसाच आहे. ते मला सोसणार नाही.

तुझाच, तू नाही म्हणालीस तरी,
अण्णा