कागदावरचा उजवा हात

४ जानेवारी

पहिला दिवस. वसुली कक्ष! नाव ऐकून वाटलं होतं धाडीबिडी पडत असतील. चार टेबलं, एक कूलर, आणि कपाटावर फायलींचा एवढा ढीग की आधी कपाटालाच अपंगत्वाचा दाखला द्यायला हवा. काम एकदम क्लिअर – खोटं सांगून ज्यांनी भत्ता खाल्ला, त्यांच्या घशात हात घालून तो बाहेर काढायचा. ही भाषा साहेबांची. हेडक्लार्क बाई हळूच म्हणाल्या, गेल्या वर्षी किती निघाला ते विचार. विचारलं. साहेबांनी उठून फॅनचा स्पीड वाढवला.

तीन महिने प्रोबेशन. ३१ मार्चच्या आत माझ्या एका तरी फाइलवर ‘वसुली सुरू’ असा शिक्का पडला पाहिजे. नाहीतर घरी. बाबांनी मात्र झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय, पोरगा कायम झाला म्हणून.

९ जानेवारी

सगळ्यात जाड फाइल मागितली. कंत्राटदार – जन्मालाच न आलेल्या अकरा मजुरांचे अपघात दाखवून भरपाई उचलली. त्याचा वकील आजच आला होता. साहेब उभे राहिले. चहा झाला, मुलांची अ‍ॅडमिशन झाली, गुडघेदुखी झाली. पुढची तारीख सहा महिन्यांनी.

बाई म्हणाल्या, मोठ्या फायली पिकू द्यायच्या असतात राजा. किती वर्षं? तर म्हणे, मी लागले तेव्हा ही कच्चीच होती.

२१ जानेवारी

सापडला!!

रंगारी. पाच वर्षांपूर्वी अंगावर पत्रा पडला, उजवा हात कायमचा निकामी, डॉक्टरचा दाखला, दर महिन्याला भत्ता. आणि हा गृहस्थ त्याच निकामी हाताने एका शाळेच्या जिन्याचं छत रंगवतोय! तीन दिवस समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दबा धरून बसलो होतो. बावीस फोटो. जवळून घ्यायला शिडीखाली गेलो, तर वरून म्हणाला, “सर, जरा बाजूला व्हा, शर्टावर थेंब उडतील.”

थँक्यू म्हणालो. सवय.

२८ जानेवारी

सुनावणी. मी फोटो क्रमाने लावून, नंबर घालून नेले होते. एकही दाखवावा लागला नाही. त्याने मिनिटात कबूल केलं. पहिलं वर्ष हात खरंच गेला होता, मग हळूहळू चालायला लागला. कळवायला येणारच होतो, म्हणाला, पण त्या महिन्यात मुलीची फी होती. पुढच्या महिन्यात दुसरं काही. “दर महिन्याला काहीतरी असतंच ना साहेब.”

चार वर्षांचा भत्ता परत – दोन लाख एकोणऐंशी हजार. (एकोणऐंशी म्हणजे सेव्हंटी नाइन. मोबाइलवर बघून लिहिलं, नाहीतर ऑर्डरमध्ये दहा हजार माफ झाले असते.) भत्ता आजपासून बंद. त्या ऑर्डरचा मसुदाही माझाच. घरी येताना छाती फुगलेली!

१८ फेब्रुवारी

त्याच्या घरी जाऊन आलो. दोन खोल्या, शिडी, बादल्या, हप्त्यावरची स्कूटर. जप्त करायचं म्हटलं तर बादल्याच. बायको शिवणकाम करते, तिने मशीनपुढचं स्टूल मला दिलं आणि स्वतः उभी राहिली. महिन्याला पाचशे देतो म्हणाला. मी खुश!

साहेबांना सांगितलं. म्हणाले, रोख घ्यायची नाही, आपल्याकडे पावतीपुस्तकच नाही. वसुली फक्त भत्त्यातून कापून. आणि भत्ता? बंद. बंद कोणी केला?

मी.

११ मार्च

झोप उडालीये. वीस दिवस राहिले. आज बाईंना दया आली. त्यांनी एक जुना फॉर्म काढला. म्हणाल्या, भत्ता पुन्हा सुरू कर. सुरू झाला की दर महिन्याला पूर्णच्या पूर्ण कापून घ्यायचा, त्याच्या हातात दमडी जात नाही, आणि फाइलवर शिक्का – वसुली सुरू. म्हणजे सरकारने डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात टाकायचं आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. वर्षानुवर्षं असंच चालतं म्हणे.

एकच बारीक गोष्ट. भत्ता सुरू करायचा तर तपासणाऱ्याला लिहून द्यावं लागतं – समक्ष पाहिले, उजवा हात आजही निकामी आहे. तपासणारा मी. साहेबांना विचारलं. त्यांनी फॉर्मकडे न बघता म्हटलं, “एकतीस तारीख तुझी आहे, माझी नाही.”

१४ मार्च

सही केली.

रंगाऱ्याला बोलावून समजावलं. नीट ऐकून घेतलं त्याने.

“म्हणजे मी काही भरायचं नाही?”

नाही.

“मला मिळणारही नाही?”

नाही.

“मग हे सगळं कोणासाठी चाललंय साहेब?”

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्याने खिशातून पेन काढून सही करायला घेतली, तर बाई ओरडल्याच – “अहो, उजव्या हाताने काय करताय? तो निकामी आहे!” मग डाव्या हाताचा अंगठा घेतला. शाई पुसायला मीच कागद दिला. तिघंही हसलो. खूप हसलो.

३० मार्च

शिक्का पडला. एक दिवस राखून!

१९ एप्रिल

ऑर्डर आली. कायम. बाबांना फारसा आनंद झाला नाही – त्यांच्या हिशेबाने मी जानेवारीपासूनच कायम आहे.

६ मे

रंगाऱ्याची बायको आली होती. शनिवारी तो शिडीवरून पडला. उजवा हात कोपरापासून गेला, डॉक्टर म्हणतात आता चालणार नाही. भरपाईचा अर्ज तिने स्वतः लिहून आणला होता. बाईंनी फाइल काढून दाखवली – आधीच निकामी असलेल्या हाताची भरपाई मिळत नाही. खाली माझी सही.

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. “साहेब, तुम्ही सांगा ना त्यांना, हात चांगला होता म्हणून. तुम्ही तर बघितलाय.”

तसं लिहून दिलं तर माझी सही खोटी ठरते. नोकरी जाते. अर्ज ठेवून जा म्हणालो.

नामंजुरीचं पत्र टाइप करून ठेवलंय. अजून पाठवलं नाही.

इथे तरी खोटं कशाला लिहू. पाठवलं.