मोगऱ्याच्या काड्या

अप्पा, काल ड्यूटीवरून आल्यावर मी मोगऱ्याच्या चार काड्या लावल्या. गुलबर्ग्यात माझ्या क्वार्टरच्या मागं हातभर जागा आहे, तिथं. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घेतल्या, पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली तिरपा काप दिला, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढली. मातीत निम्मी वाळू मिसळली. सगळं हातांनीच केलं, मी नुसती बघत होते.

तुम्ही बिदरला साहेबांच्या बंगल्यावर माळी होतात, पण बंगल्यातले तुम्ही मला फारसे आठवत नाहीत. आठवता ते आपल्या न्हाणीजवळच्या मोगऱ्यापाशी उकिडवे बसलेले. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तेलाच्या डब्यात तुम्ही मला एक काडी लावून दिली होती. तिला पान फुटलं आणि मी ती उपटली. तुम्ही मागं उभे आहात हे मला कळलं नाही.

"उपटून बघायलीस कामून?"

"मूळ आलंय का बघायलेय."

"पान काडीच्या अंगातल्या वलीवर फुटतंय. मूळ मागून येतंय. दीड महिना हात लावू नको." एवढंच बोलून तुम्ही दुसरी काडी आणायला वळलात. ओरडला असतात तर बरं वाटलं असतं.

मग माय काविळीनं गेली त्या वर्षीचं मृग. मी सतरा वर्षांची. जलदानविधी झाला, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर तुम्ही मोगरा छाटायलाव. शेंडे नव्हे, सगळं झाड. गुडघ्याएवढे खुंट राहिले होते. शेजारी सहा डबे मातीनं भरून ठेवलेले, आणि तुम्ही एकेक काडी डोळ्याजवळ धरून तपासत होता. त्या झाडाची फुलं माय गल्लीतल्या बायकांना ओंजळीनं वाटायची. मी म्हणाले, "माय जाऊन आठ दिस झाले न्हाईत, अन् तुम्ही तिचं झाड तोडायलाव?"

तुम्ही मान वर केली नाही. "मिरग निघून जाईल," म्हणालात.

साहेबांच्या बाईंनी त्या उन्हाळ्यात दोनदा मोगऱ्याचं रोप मागितलं होतं, निरोप मीच दारात घेतला होता. मला वाटलं, ते डबे बंगल्यावर जाणार. मी म्हणाले, "साहेबाच्या बायकोपुढं तुम्हाला माय बी दिसंना झाली." तुम्ही ऐकलंत. काडी मातीत खोचलीत, अंगठ्यानं माती दाबलीत, पुढचा डबा ओढलात. तुम्हाला राग आला की रडू, हे मला पाठीवरून ओळखता आलं नाही.

महिन्याभरात माझं नर्सिंगला नाव लागलं आणि मी गुलबर्ग्याला आले. डबे कुठं गेले ते बघायला थांबले नाही. पुढची बारा वर्षं आपण बोललो ते पाऊस कसा आहे, गाडी किती वाजता आहे, जेवलीस का, एवढंच. सुट्टीला यायचे तेव्हा तुम्ही स्टँडवर न्यायला यायचात, माझी पिशवी घ्यायचात आणि पुढं चालायचात.

तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी आपल्या शेजारची अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्या दवाखान्यात आली. पट्टी बांधलेली, माझा आवाज ओळखून बोलायला लागली. म्हणाली, "तुज्या मायचा मोगरा औंदा लई फुलला बग." मी विचारलं, कुठला? तर म्हणाली, माझ्या दारातला. तुझ्या मायच्या दुखण्यात सहाजणी पाळीपाळीनं बसायलो होतो, तिनं अंथरुणावरून सहा नावं घेतली अन् तुझ्या अप्पाला सांगितलं, मिरग आला की ह्या सहाजणींना एकेक रोप द्या.

"मला कामून सांगितलं न्हाई त्यांनी?"

"तिनंच शपथ घातली व्हती. म्हणली, पोरीला सांगू नका, तिला वाटंल माय मरायच्या तयारीला लागली."

"पण ती गेल्यावर?"

"गेल्यावर म्या बी म्हणलं त्याला, आता सांग की. तर म्हणला, शपथ सोडवणारी आता कुठं हाय?"

मी तिच्या डोळ्यात औषध घालायची वेळ वहीत लिहिली. दुसऱ्या खाटेकडं गेले. तिथल्या बाईचा ताप बघितला. संध्याकाळी जेवले, झोपही लागली. मला वाटलं होतं उशिरा का होईना काहीतरी फुटेल आतून. अजून वाट बघायलेय.

अक्का घरी जाताना म्हणाली, एकदा ये, काड्या घेऊन जा. मी गेले नाही. कालच्या काड्या इथल्याच एका डॉक्टरीणबाईंच्या अंगणातल्या आहेत.

हा कागद कुठं पाठवायचा हे मला माहीत नाही, घडी घालून ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही अत्यवस्थ असल्याची तार आली त्या दिवशी मी संध्याकाळच्या गाडीनं पोचले, तोवर सगळं झालं होतं. तार दुपारी मिळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. अप्पा, तार सकाळी आठ वाजताच मिळाली होती. मी ती ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि ड्यूटी पूर्ण केली.