मोरानं तोडलेली वादी

भवानी पेठ, शुक्रवार संध्याकाळ, १९७४

अजून डोक्यातून जात नाही. पुठ्ठ्याला पाडलेली भोकं माग मोडू शकतात?

नव्या मोराच्या चादरीचे पत्ते, म्हणजे कुठले धागे उचलायचे ते मागाला सांगणारे पुठ्ठे, वहिनींनीच भोकं पाडून, ओवून दिले. आज ते मागावर चढवले, आणि मोराचा पिसारा सुरू होताच धागे वर उचलणारी चामडी वादी फाटकन तुटली. मी ओरडलो, "वहिनी, तुमच्या मोरानं माग मोडला!" कारागिरांदेखत. बोलायला नको होतं.

दुसरी कुणी रडली असती, नाहीतर भांडली असती. त्या म्हणाल्या, "भावोजी, वादी सांधा. आधी जुने पत्ते लावून बघू की."

जुन्या पत्त्यांवर माग नीट चालला. नवे लावले, तर पिसाऱ्यापाशी वादी परत ताणून कुरकुरायला लागली. वहिनींनी लगेच हात वर करून माग थांबवला. "व्हय, माझ्याच मोरानं तोडली. पिसाऱ्यात लई धागे एकदम उचलले जातात." तेही कारागिरांदेखत! स्वतःवर शेकणारी परीक्षा बाईनं स्वतःच मागून घेतली.

त्यांचा भाऊ मुंबईत कंप्युटरवर कामाला आहे. त्या यंत्रातही असेच भोकांचे पत्ते घालतात म्हणे. तिथं यंत्र अडलं, तर पत्ते करणारा असं कबूल करत असेल?

मी मऊ आवाजात म्हणालो, "मग पिसारा जरा कमी करा."

"पिसारा न्हाय कमी व्हायचा, भावोजी. वादी नवी, जाड आणा."

सांधलेली वादी काढून, नवीच्या मापाला म्हणून पिशवीत घालून ठेवली आहे.