चौदावी फरशी

शुक्रवार, ३ जानेवारी

घर मिळालं, आणि मनासारखं मिळालं. दुसरा मजला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला झोपायची खोली. उजेड भरपूर. फरश्या दोन फुटी, राखाडी, एकही तडकलेली नाही. अनवाणी चालायला छान गार लागतात. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात एक कोठी आहे. तिला मालकाचं कुलूप आहे. आत त्याचं जुनं सामान आहे म्हणे. असू दे. दोन माणसांना किती जागा लागते?

नव्या कचेरीतले साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला काका म्हणतात आणि काम सांगताना लाजतात. मी म्हटलं, साहेब, सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी मोजतोय, तुमचीही मोजेन. हसले. माणूस बरा वाटतो.

ही नऊ फेब्रुवारीला येणार, रविवारी सकाळी. आईच्या आजारपणात ती माहेरी आणि मी नोकरीच्या जागी, अशी दोन वर्षं गेली. सासूबाई मागच्या महिन्यात सुटल्या. आता पुन्हा एका छपराखाली. पलंग लावला. भिंतीकडची बाजू तिची, दाराकडची माझी. लग्नापासून तसंच आहे. तिच्या बाजूला नवी उशी ठेवली आणि हात जोडले. एवढं सुख या वयात मिळालं, तर तक्रार कसली करायची.

रविवार, ५ जानेवारी

आज दुपारी तीन वाजता माझ्या आयुष्यातला पहिला राक्षस मारला. म्हणजे जखमी केला. आक्कानं मारला.

आम्ही चौघं गावच्या शाळेतले. गुरुजी खरोखरच शिक्षक झाला. चष्म्यानं चष्म्यांचं दुकान टाकलं. आक्का नर्स आहे. वर्गात एक वर्षानं मोठी होती, म्हणून आक्का. मी फूटपट्टी. ते तिघं दोन वर्षांपासून दर रविवारी संगणकावर एकत्र जमून एक खेळ खेळतात. मी एकटा पडलो म्हणून मलाही ओढलं. गुरुजी गोष्ट सांगतो: जंगल, किल्ले, जादूगार. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि मी आता अमुक करतो असं सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा गुरुजीनं मला टपालानं पाठवला. चष्मा तलवारबहाद्दर आहे (शाळेत झुरळाला घाबरायचा), आक्का जडीबुटीवाली. मी काय होऊ, विचारलं. मोजणीदारच झालो. आक्का म्हणाली, मेल्या, स्वप्नातसुद्धा तू मोजणीची साखळी घेऊनच फिरणार.

त्यांचे दोन नियम आहेत. पहिला आमच्या शाळेतला. शाळेत खोडरबर आणायला बंदी होती. चुकलं तर चूक दिसली पाहिजे. तेच इथं. कागदावर आलं ते खोडायचं नाही, पटावर ठेवलेला मोहरा पुढच्या बैठकीपर्यंत हलवायचा नाही. दुसरा असा की एखादा गैरहजर असला तर त्याचा फासा दुसऱ्यानं टाकायचा. खेळ कुणासाठी थांबत नाही.

प्रत्येकानं आपापल्या माणसाचं घर काढायचं होतं, मोहिमेहून तो जिथं परततो ते. मी बुरूज काढायला घेतला, पण न पाहिलेल्या भिंती काढायला हात धजेना. शेवटी हेच घर काढलं. एक फरशी म्हणजे एक चौकोन, शाईनं, मापात. कोठी मोजलेली नाही, म्हणून ती कोरी सोडली. न मोजलेलं आम्ही भरत नाही. गुरुजीनं कागद पडद्यावर लावला, खूश झाला. कोरी जागा बघून म्हणाला, नकाशातली कोरी जागा गोष्ट सांगणाऱ्याची असते. तिथं कुणीतरी राहतो. त्याला आपण 'राहणारा' म्हणू.

सगळे हसलो.

रविवार, १२ जानेवारी

आज गोष्ट माझ्या घरात शिरली. मोजणीदार मोहिमेहून परत येतो आणि कोठीत राहणारा बाहेर पडू बघतो. मी फासा टाकायचा. दहाच्या खाली जितके कमी, तितकी घरं तो पुढे. सहा पडले. गुरुजीनं एक काळा मोहरा कोठीच्या दारातून चार चौकोन पुढे ठेवला, बाहेरच्या खोलीच्या मधोमध.

मी विचारलं, त्याला हवंय काय? गुरुजी जरा थांबला. मग म्हणाला, "घरात जी जागा रिकामी असेल, ती. जागा मिळाली की तो घरचाच."

चष्म्यानं विचारलं, म्हणजे भाडं देणार का? पुन्हा हसलो.

सोमवार, १३ जानेवारी

एक लहानशी गोष्ट. सकाळी अनवाणी बाहेर आलो. एक फरशी कोमट लागली. ऊन नव्हतं. कुणीतरी बराच वेळ बसून नुकतं उठावं, तशी. बाजूच्या सगळ्या गार. कोठीच्या दारापासून मोजलं. चौथी.

कोठीचं कुलूप जागच्या जागी आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

अजून कोमट आहे. मी नकाशावर विश्वास ठेवणारा माणूस, म्हणून कचेरीतून इमारतीचा नळांचा नकाशा काढून पाहिला. त्या बाजूनं एकही नळ जात नाही. खाली राहणाऱ्या शिंप्याला वर बोलावलं. भला माणूस. तळवा टेकवून म्हणाला, हो की, इस्त्री ठेवली होती का काका? माझ्याकडे इस्त्री नाही.

रविवार, १९ जानेवारी

सात पडले. तीन घरं. काळा मोहरा बोळाच्या तोंडाशी, सातव्या चौकोनावर. मी आज फारसा बोललो नाही. आक्काच्या लक्षात आलं. जेवतोस का नीट, विचारलं. जेवतो म्हणालो.

सोमवार, २० जानेवारी

चौथी गार. सातवी कोमट.

मी घर मोजून काढलं. कोठीच्या दारापासून बोळातून पलंगापर्यंत एकोणीस फरश्या. झोपायच्या खोलीचा उंबरठा चौदावीवर. पलंगाची भिंतीकडची बाजू रिकामी आहे. ही येईपर्यंत या घरात तेवढीच एक जागा रिकामी आहे.

हे लिहिताना स्वतःचंच हसू यायला हवं होतं.

रविवार, २६ जानेवारी

पंधरा. मोहरा हलला नाही. डोळ्यांत पाणी आलं, चष्म्यानं चेष्टा केली. करू दे. देवाचे आभार मानले.

दोन आठवडे उरले. त्यातला एकच रविवार. एकच फासा.

शनिवार, १ फेब्रुवारी

ठरवलं. उद्या खेळायचंच नाही. मी फासा टाकला नाही तर तो पुढे कसा सरकेल? गुरुजीला कळवलं, कचेरीचं काम आहे. या वयात खोटं बोललो. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो तर मन लागेना.

रविवार, २ फेब्रुवारी

दिवसभर तळ्याकाठी बसून होतो. माणसं, कुत्री, फुगे. बरं वाटलं. साडेपाचला चष्म्याचा निरोप आला. म्हणाला, काळजी नको, तुझा फासा मी टाकला, नियम म्हणजे नियम. पण माझा हात वाईट बाबा, चार पडले.

गैरहजराचा फासा दुसरा टाकतो. मी हे पहिल्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलंय या वहीत.

सहा घरं. तेरावी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

तेरावी गरम आहे. कोमट नाही, गरम. ती उंबरठ्याच्या अलीकडे आहे, तिला ओलांडल्याशिवाय मला माझ्या पलंगावर जाता येत नाही. उडी मारून जातो. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात.

जिन्यात शिंपी भेटला. आनंदानं विचारलं, मंडळी लवकर आल्या वाटतं? मी म्हटलं, नाही, का? म्हणाला, काल दुपारी वर कुणीतरी चालत होतं. सावकाश. थांबत थांबत.

काल दुपारी मी तळ्यावर होतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिला फोन केला. म्हटलं, महिनाभर थांब, घर दुरुस्तीला काढलंय. ती म्हणाली, "दोन वर्षं थांबले की हो. आता मी नकोय का तुम्हाला?"

काय सांगू? फरशी गरम आहे म्हणून येऊ नकोस? म्हटलं, ये. म्हणाली, सामान कधीच बांधून झालंय.

मालकाला फोन लावून कोठी उघडायची परवानगी मागितली. म्हणाला, खुशाल कुलूप तोडा. तोडलं. आत तीन खुर्च्या आणि एक पंखा. सगळ्यावर बोटभर धूळ. जमिनीवर मात्र नाही. जमीन पुसल्यासारखी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गुरुजीला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, त्या कोठीत मी धनाची पेटी ठेवणार होतो. वहीत तसंच लिहिलंय. राहणारा कुठून तोंडात आला, मला माहीत नाही. तू हवंय काय विचारलंस, तेव्हाही मी उत्तर शोधत होतो, आणि ते आपोआप—

मी म्हटलं, मोहरा उचल. म्हणाला, उचलून बघितला. उचलत नाही. पडदा बंद करून पुन्हा लावला तरी तिथंच.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विचार केला. खोडता येत नाही. पण भर घालता येते. शाळेतही येत असे, चुकीच्या खाली बरोबर लिहून.

एका चौकोनात दोन मोहरे बसत नाहीत. माझा मोजणीदार मोहिमेहून परतला, पण पटावर त्याचा मोहरा अजून घरात ठेवलेलाच नाही. त्याला चौदाव्यावर उभा केला, तर पलीकडे जायला वाट नाही. ही रविवारी सकाळी येईल, आपल्या जागी बसेल. मग घरात रिकामी जागाच उरणार नाही.

शनिवारी बैठक घ्या म्हणून तिघांना विनवलं. आक्का म्हणाली, तू आधी रजा घे आणि रक्तदाब तपासून घे. पण येते म्हणाली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुपारी तीन. कुणी विनोद केला नाही. गुरुजीनं विचारलं, नक्की? ठेवला की पुढच्या बैठकीपर्यंत हलणार नाही. मी म्हटलं, ठेव. त्यानं ठेवला. उंबरठ्यावर, चौदाव्यावर.

मीही येऊन तिथंच बसलो. वही मांडीवर. समोर तेरावी, तिची धग गुडघ्यांना लागते. पाठीमागे पलंग. नवी उशी. आज पहिल्यांदा शांत वाटतंय. पहारेकऱ्याला वाटत असेल तसं.

साडेपाच. पाणी आणायला उठणार होतो. पाय—

मुंग्या आल्या असतील.

नाही. मुंग्या नाहीत. पाय ठीक आहेत. हलतात. पण फरशीवरून उचलत नाहीत. मोहरा ठेवला की—

फोन बाहेरच्या खोलीत वाजतोय. गुरुजी असेल. वाजून थांबला.

रविवार, ९ फेब्रुवारी

उजाडलं. नाव घेत बसून होतो. तो पुढे आला नाही. देवाची कृपा.

सात वाजता हात लावला. तेरावी गार. बारावीपर्यंत हात पोचतो. तीही गार. गेला? कोठीत परत—

बाहेरच्या खोलीत माझी खुर्ची करकरली.

नळ चालू झाला. बंद झाला. कुणीतरी खोकलं. तो खोकला मला माहीत आहे. दर सकाळी मीच तसा—

मी चुकलो. तिची जागा राखत बसलो. माझी जागा कालपासून सुटली आहे. खुर्ची, नळ, दाराकडची बाजू. सगळी. मीच उठलो तिथून.

साडेआठ. घंटा. ही आली. ओरडलो. दार उघडू नकोस, आत येऊ नकोस, परत जा. तोंड उघडतंय. आवाज—

कडी निघाली. आतून.

तिचा आवाज. हसरा. "किती वाळलात हो तुम्ही. आणि हात केवढा गरम." मग पुरुषाचा आवाज. हळू. माझा. प्रवास कसा झाला, विचारतोय. मी हेच विचारलं असतं. याच शब्दांत.

बोळातून येतायत. ती पुढे. मागे— चेहरा बघवत नाही. ती माझ्याकडे बघते आहे. माझ्याकडे नाही. माझ्यामागच्या उशीकडे. म्हणाली, नवी आणलीत?

ओलांडून गेली. तिचा पदर माझ्या तोंडावरून— जाणवला नाही.

मी कालपासून बसलोय या फरशीवर. खाली हात लावला. गार आहे. माझ्याखाली गार—

तो उंबरठ्याशी आलाय. एका चौकोनात दोन बसत नाहीत. तो थांबेल. थांबायलाच हवं. मी अजून इथे—

थांबला नाही. दार ओढून घेतोय. दार माझ्या